सिंडर की क्रेस?

परीकथा सायन्स फिक्शनमध्ये नव्याने सांगणाऱ्या मरिसा मेयरच्या लूनर क्रॉनिकल्स मालिकेतलं बेस्ट पुस्तक कुठलं म्हणाल तर माझं मत क्रेसलाच. म्हणजे २०१२ चं सिंडर भारीच आहे, सिंड्रेला सायबॉर्ग (अर्धी माणूस, अर्धी मशीन) मेकॅनिक, न्यू बीजिंगच्या बाजारात मशिनं दुरुस्त करते, आणि काचेच्या बुटाच्या जागी तिचा अख्खा मेटलचा पायच निखळतो, ही आयडिया वाचून मी खूश झालेले. पण तिचं खरं रहस्य सुरुवातीलाच कळून जातं ना, मग पुढची कितीतरी पानं आपल्याला माहितीये आणि तिलाच माहीत नाही असं चालतं.

क्रेस (२०१४) मध्ये तसं होत नाही. इथे रपुंझेलचा टॉवर म्हणजे चक्क सॅटेलाइट, त्यात वर्षानुवर्षं एकटी कोंडलेली हॅकर मुलगी, केस तेवढेच लांब, आणि तो सॅटेलाइट कोसळतो थेट सहारा वाळवंटात. मूळ कथेत राजपुत्र काट्यांमुळे आंधळा होतो, इथे तिच्यासोबत सॅटेलाइटमध्ये असलेल्या हिरोची, थॉर्नची दृष्टी त्या क्रॅशमध्ये जाते, आणि मग कधी बाहेरचं जग न पाहिलेली ती त्याला वाट दाखवत चालते!! हे इतकं सुंदर जमलंय की तेवढ्यासाठी तरी वाचाच.

हो, पात्रं खूप आहेत, मधेच दुसऱ्यांकडे उडी मारली की चिडचिड होते, सिंडर त्या मानाने सुटसुटीत. पण थेट क्रेसपासून सुरू करू नका, काहीच कळणार नाही, आधी सिंडर, मग स्कार्लेट, मगच हे.