फ्लाइंग डॉक्टरची औषधपेटी: फोनवरून डॉक्टरकी करणाऱ्यांनी वाचावं असं

परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना ऑस्ट्रेलियात मेडिकेअरचे (सरकारी आरोग्यविम्याचे) पैसे मिळायचे तर साधारण १० वर्षं डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात काढावी लागतात. त्यामुळे आपल्याकडचे बरेच जण आउटबॅकच्या, म्हणजे देशाच्या आतल्या विरळ वस्तीच्या भागाच्या, वाटेला लागतात. त्यांचं सगळं कुतूहल फ्लाइंग डॉक्टरच्या, म्हणजे दूरच्या रोग्यांपर्यंत डॉक्टर पोचवणाऱ्या सेवेच्या, विमानाबद्दल असतं. विमान झकासच आहे, पण रोजचं बरंच काम फोनवर होतं आणि फोनच्या पलीकडे असते एक कुलूपबंद पेटी. रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसची ही मेडिकल चेस्ट १९४२ पासून चालू आहे. गुरांची स्टेशनं (म्हणजे अफाट पसरलेली चराऊ रानं, रेल्वेचा संबंध नाही), खाणी, आडवाटेची रोडहाउस (रस्त्याकडेचे पेट्रोलपंप-खानावळी) अशा ठिकाणी ती ठेवलेली असते.

पेटीची खरी करामत नंबरात आहे. प्रत्येक औषधाला नंबर, आणि सोबतच्या शरीराच्या नकाशावर अवयवांच्या भागांनाही नंबर. ‘पोटात कुठंतरी दुखतंय’ म्हणणारा माणूस नकाशा पाहून नेमका भाग सांगतो. सॅटेलाइट फोनवर आवाज तुटत असताना ‘मेटोक्लोप्रमाइड’ तीनदा ओरडण्यापेक्षा एक आकडा सांगणं केव्हाही बरं. ही कल्पना पेडल मारून चालवायच्या रेडिओच्या काळातली, आजही तिला तोड नाही.

पण नंबरवर आंधळी भिस्त नको. एक जुना किस्सा सांगतात: डॉक्टरांनी ९ नंबर घ्यायला सांगितलं, ९ संपलं होतं, म्हणून गड्यानं ५ आणि ४ घेऊन बेरीज जमवली. हसण्यावारी नेऊ नका, चुका अशाच होतात. गोळ्यांची पट्टी भलत्या कप्प्यात जाते, किंवा तेच औषध दुसऱ्या ताकदीचं आलेलं असतं. म्हणून नंबर सांगितल्यावर लगेच पुढच्याला लेबल मोठ्यानं वाचायला लावा: नाव, मिलिग्रॅम, मुदत. मग किती गोळ्या, कधी, किती दिवस हे त्याच्याच तोंडून परत वदवून घ्या. ॲलर्जी आणि गरोदरपण त्याआधीच विचारलेलं असावं. लहान मुलाचं वजन अंदाजानं सांगू देऊ नका. आईनं मुलाला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकटीनं, आणि वजाबाकी तुम्ही करायची.

पेटी जिच्या ताब्यात आहे ती व्यक्ती, बहुधा घरातलीच कुणी, सगळ्यात महत्त्वाची. किल्ली तिच्याकडे, नोंदवही तिच्याकडे, संपलेलं मागवायचं तिनंच. प्रिस्क्रिप्शनचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही, हा नियम तिनं पाळला तरच पेटीला अर्थ. उन्हाळ्यात शेडमध्ये पारा ४५ वर जातो आणि बऱ्याच गोळ्यांवर ‘२५ अंशांखाली ठेवा’ असं छापलेलं असतं. त्यामुळे पेटीची जागा घरातल्या सगळ्यात गार खोलीत. गाडीत तर नकोच.

पेटीत सापाचं प्रतिविष नसतं, आणि नसावंच. त्यानं रिॲक्शन आली तर ती सांभाळायला माणूस हवा. इथे हाती असतात फक्त रुंद इलॅस्टिक पट्ट्या, आणि इथेच भारतातून आलेला डॉक्टर अडखळतो. घोणस-फुरशाचं विष चावलेल्या जागीच मांस कुजवतं, म्हणून तिकडे घट्ट पट्टा टाळतात. ऑस्ट्रेलियातले जमिनीवरचे घातक साप मात्र नागाच्या कुळातले. ब्राउन स्नेक किंवा तायपान चावला की आधी चावलेल्या जागेवर पट्टी, मग बोटांपासून वर पूर्ण हातापायाला, मुरगळलेल्या घोट्याला बांधतो तितकी घट्ट. वरून फळी बांधायची. रोग्यानं एक पाऊलही चालायचं नाही. जखम धुवायची नाही, कारण कातडीवरच्या विषावरून तपासणी करता येते. पट्टीवर चावल्याच्या जागी पेनानं खूण करायला सांगा. पट्टी सुटेल ती रुग्णालयातच, प्रतिविष तयार असताना. हे सगळं फोनवर सांगायला चार-पाच मिनिटं जातात, तेवढी द्या. ‘ब्लड प्रेशर किती?’ हा प्रश्न त्यानंतर.

विमान बोलवायचं ठरलं की धावपट्टीची चौकशी. मातीची पट्टी ठीक आहे का, याची जुनी कसोटी सोपी आहे: ताशी ७५ किलोमीटरनं गाडी नेली तरी हाडं खिळखिळी होता कामा नयेत. पाऊस पडून गेला असेल तर कोरडी दिसणारी पट्टीही आतून मऊ निघते, त्यामुळे आदल्या रात्रीच्या पावसाचं आवर्जून विचारा. रात्री दिवे हवेत. बॅटरीचे नसतील तर डब्यात केरोसीननं भिजवलेले टॉयलेट रोल पेटवून कडेला ओळीनं ठेवतात. विमान उतरण्याच्या थोडं आधी कांगारू आणि गुरं हाकलायला गाडीची एक फेरी लागतेच.

आता माणसं मोजा. घरी दोघंच आणि त्यातलं एक आजारी असेल, तर रोग्याजवळ बसायचं, डबे पेटवायचे आणि गुरं हाकायची हे एकट्याला झेपत नाही. शेजारचं स्टेशन तासाभराच्या अंतरावर असू शकतं, तेव्हा तिथे फोन विमान निघायच्या आधीच गेलेला बरा.