घरी येणारी देखभाल सेवा: काम उत्तम, पण माणसं टिकत नाहीत

वृद्धांची घरी येऊन देखभाल करणाऱ्या एका ब्यूरोची सेवा मी आईसाठी बऱ्याच महिन्यांपासून घेते आहे. बारा तासांची दिवसपाळी. आईला स्मृतिभ्रंश आहे, खुब्याचं हाड मोडल्यापासून ती वॉकरवर चालते, आणि मी नोकरी करते. ब्यूरोचं नाव देत नाही, कारण मला जे खटकलं ते या धंद्यात सगळीकडे खटकणारं आहे. सेवा घ्या, असंच मी सांगेन. फक्त कशासाठी पैसे देतोय ते नीट समजून घ्या.

आधी कामाबद्दल. आमच्याकडे सर्वांत जास्त काळ राहिलेल्या मावशी आईला उठवताना काखेत हात घालून कधीच ओढत नाहीत. आधी कुशीवर वळवतात, पाय पलंगाखाली सोडायला लावतात, दोन मिनिटं तसंच बसवतात आणि मग कमरेच्या पट्ट्याला धरून उभं करतात. त्या दोन मिनिटांमुळे आईची चक्कर थांबली. आंघोळीला आई साफ नकार देते, तेव्हा त्या वाद घालत नाहीत. खोलीतून बाहेर जातात, थोड्या वेळाने परत येऊन जणू पहिल्यांदाच विचारतात. टाचा, माकडहाड, कोपर रोज तपासतात. एकदा माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला, तर त्याच दिवसापासून दर दोन तासांनी कूस बदलायला सुरुवात केली आणि बेडसोर होण्याआधीच ते थांबलं. वहीत पाणी, लघवी, औषधं, झोप यांची नोंद असते. हे काम अकुशल आहे असं म्हणणाऱ्याने एक दिवस करून बघावं.

आता तक्रार. बाया बदलत राहतात. आईसाठी प्रत्येक नवा चेहरा म्हणजे घरात शिरलेली परकी बाई. ती घाबरते, कपडे बदलू देत नाही, रात्री झोपत नाही. मावशी अचानक आल्या नाहीत तर ब्यूरो ‘बदली बाई पाठवतो’ म्हणतो, आणि ती दुपार होता होता पोचते. तोवर मी घरी. मी पगारपत्रकं तयार करते. महिनाअखेरीला माझी एक रजा म्हणजे बाकीच्यांवर दुप्पट काम. ब्यूरोचं उत्तर ठरलेलं असतं: ‘मॅडम, माणसंच मिळत नाहीत.’

ते खोटं बोलत नाहीत, हे मला पटायला वेळ लागला नाही. पगार हेच माझं काम असल्यामुळे आम्ही भरतो त्यातलं मावशींच्या हातात किती पडतं ते मी विचारलं. जवळजवळ तिसरा हिस्सा ब्यूरोकडे राहतो. उरलेल्यात ना भविष्य निर्वाह निधी, ना भरपगारी रजा. मावशींनी पन्नाशी ओलांडली आहे, त्यांचे स्वतःचे गुडघे दुखतात, आणि त्या आमच्याकडे असताना त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांकडे शेजारीण लक्ष ठेवते. तरुण मुली या कामात येतात आणि दुसरं काही मिळालं की जातात. मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

आम्हाला मात्र हीच सेवा महाग वाटते. ती महाग आणि पगार तुटपुंजा, हे दोन्ही एकाच वेळी कसं? विल्यम बॉमॉल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी 1966 मध्ये संगीत-नाटकाच्या खर्चाबद्दल लिहिताना हे उलगडलं होतं. चार वादकांची रचना वाजवायला शंभर वर्षांपूर्वी चार माणसं आणि जेवढी मिनिटं लागत, तेवढीच आजही लागतात. कारखान्यात तासाला जास्त माल निघतो, म्हणून तिथे मजुरी वाढवता येते. आईला आंघोळ घालायचा वेळ मात्र कमी होत नाही. मजुरी बाकीच्यांच्या बरोबरीने वाढवली की सेवा महागते, नाही वाढवली की बाया सोडून जातात. त्यातून जन्मदर घटला आणि कामाच्या वयाची माणसंच कमी झाली की हा पेच आणखी आवळतो.

हा खर्च एकेकट्या घरावर पडतो, तोच समाजाने वाटून घेण्याचे प्रयोग झाले आहेत. जर्मनीने 1995 मध्ये देखभाल विमा सुरू केला. 2005 पासून तिथे मूल नसलेल्यांना थोडा जास्त हप्ता द्यावा लागतो. जपानने 2000 मध्ये असाच विमा आणला. हप्ता चाळिशीपासून सुरू होतो, आणि बहुतेकांना सेवेच्या किमतीच्या दहा टक्केच स्वतः भरावे लागतात. मला हे फार योग्य वाटतं. पण एवढं करूनही हात पुरत नाहीत. जपानमध्ये 65 वर्षांवरचे लोक सुमारे 29 टक्के आहेत, देखभालीचे दर सरकार ठरवतं, म्हणून पगार फारसे हलत नाहीत. 2040 पर्यंत 27 लाखांहून जास्त देखभाल कर्मचारी लागतील असा तिथल्या आरोग्य मंत्रालयाचा अंदाज आहे, आणि 2022 मधल्या संख्येपेक्षा ते सुमारे 5.7 लाखांनी जास्त आहेत. दुसरीकडे, घरच्यांच्या देखभालीसाठी तिथे वर्षाला सुमारे एक लाख लोक नोकरी सोडतात. आधीच कामकरी कमी, त्यातून हे आणखी कमी. बदली बाईची वाट बघत घरी बसलेली मी त्याच हिशेबात धरायला हवी.

ब्यूरोने सोबत एक ॲप आणि पडल्यावर इशारा देणारा मनगटी पट्टा दिला आहे. ॲपवर हजेरी कळते. पट्टा आई काढून उशीखाली ठेवते. आई पडली हे मला फोनवर कळण्यापेक्षा तिला उभं करताना मावशींची कंबर वाचवणारं यंत्र मला हवं आहे. रुग्ण उचलण्याची लिफ्ट भाड्याने मिळते, ती शेवटी आम्हीच आणली. तेव्हापासून मावशींची पाठदुखीची रजा पडलेली नाही. माझ्या मते ब्यूरोने ॲपवरचे पैसे वळवून लिफ्टच द्यायला हवी.

सेवा घेणार असाल तर करार करण्याआधी बदली बाई किती तासांत येईल ते लेखी घ्या. बाईंच्या हातात किती पडतं ते विचारा, आणि उत्तर टाळलं तर दुसरीकडे जा. आठवड्याची सुट्टी तुम्ही स्वतःहून द्या, जादा थांबल्या तर त्या तासांचे पैसे त्याच दिवशी थेट त्यांना द्या. आमच्या ब्यूरोने माझ्या आग्रहावरून आता दोघींची जोडी ठरवून दिली आहे. मावशी पाच दिवस, दुसऱ्या ताई दोन दिवस, आणि एकीला अडचण आली की दुसरी येते. आई दोघींना ओळखते, निदान घाबरत तरी नाही. जोडीचे दर थोडे जास्त आहेत. ते देण्याजोगे आहेत.