बाहेरून पाठिंबा की सत्तेत वाटा?

महाराष्ट्रात २०१४ मध्ये १२२ आमदारांच्या भाजपला बहुमतासाठी २३ कमी पडत होते. राष्ट्रवादीने न मागताच बाहेरून पाठिंबा जाहीर केला. १२ नोव्हेंबरला विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला. कोण कोणाच्या बाजूने, हे नोंदलेच गेले नाही. त्याच दिवशी शिवसेना विरोधी बाकांवर बसली आणि ५ डिसेंबरला मंत्रिमंडळात आली. मला हे तेव्हाही खटकले होते. मतदाराला आपल्या आमदाराचा कौल कळायलाच हवा.

२०१९ ची शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेसची महाविकास आघाडीही निकालानंतरच जुळली, पण तिन्ही पक्षांना मान्य असलेला किमान समान कार्यक्रम लेखी होता. ३० नोव्हेंबरला विश्वासदर्शक ठरावावर सभागृहात शिरगणती झाली. आमदार एकेक करून उभे राहून नाव आणि आकडा सांगत होते. बाजूने बेरीज झाली १६९. कार्यक्रमातली दहा रुपयांची थाळी जानेवारीत शिवभोजन म्हणून ताटात आली, म्हणजे जाब कशाचा विचारायचा हे लोकांना ठाऊक होते.

तरी हे सरकार २०२२ मध्ये शिवसेनेतल्या फुटीने पडले. कागद सरकार टिकवत नाही. तरीही मी उघड भागीदारीच निवडेन. बाहेरून पाठिंबा देणाऱ्याकडे खाते नसते, त्यामुळे त्याला विधानसभेत उत्तरही द्यावे लागत नाही.