रबिंग की पूर्ण रंग?
अंगणात सात-आठ पावसाळे काढलेली जुनी लाल मारुती ८००. बॉनेटवर बोट फिरवलं की खडूसारखी गुलाबी भुकटी हाताला लागते. गॅरेजवाला लगेच म्हणतो, "पूर्ण रंगच मारून टाका." थांबा. आधी एका कोपऱ्यात रबिंग कंपाउंड, म्हणजे रंगाचा वरचा थर घासून काढणारी पेस्ट, घासून बघा. फडकं लाल झालं, तर वर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, नाही. मेलेला थर निघून खालचा लाल उजळतो. मी तर आधी हेच करीन. कडांवर हात हलका, तिथे रंग पातळ असतो. मग पॉलिश, वॅक्स. नाहीतर ऊन पुन्हा खाणारच.

क्लिअर कोट पापुद्र्यांसारखा सुटत असेल, तर घासणं वाया. तिथे रिपेंटच. खर्चिक खरं, आणि गंजावरच पुट्टी फासली तर फुगवटे ठरलेले.