चार्जिंगचा टूथब्रश अंध माणसाच्या हातात: पैसे दिव्यांना नको, थरथरीला द्या

कोल्हापुरात राजारामपुरीत जा नाहीतर महाद्वार रोडला, दुकानदार चार्जिंगचा ब्रश दाखवताना आधी त्याचे दिवे दाखवणार. दाब जास्त झाला की लाल दिवा, चार्जिंग संपत आलं की आणखी एक. पूर्ण अंध माणसाला त्यांचा काय उपयोग? जास्त दाबलं की मोटरचा आवाज जड होतो आणि चार्जिंग उतरलं की मंदावतो. कानाला तेवढं पुरतं.

खरी कामाची सोय म्हणजे दर 30 सेकंदांनी ब्रश क्षणभर अडखळतो. वर उजवीकडे सुरुवात करायची, अडखळला की वर डावीकडे, मग खाली डावीकडे, शेवटी खाली उजवीकडे. प्रत्येक भागात बाहेरची बाजू, आतली बाजू, चावायची बाजू. नुसता 2 मिनिटांचा टायमर असलेलं मॉडेल स्वस्त पडतं, पण कुठला कोपरा राहिला ते त्यावरून कळत नाही. त्यापेक्षा साधा ब्रश बरा.

ब्रशचं डोकं लहान आणि गोल असलेलंच घ्या. ते एकेका दातावर, अर्धं हिरडीच्या कडेवर येईल असं, दोन-तीन सेकंद नुसतं टेकवायचं. साध्या ब्रशसारखं खसाखसा घासलं तर हिरड्या सोलतात. पेस्ट वाटाण्याएवढी, बोटावर घेऊन ब्रशच्या केसांत दाबायची, आणि ब्रश तोंडात गेल्यावरच बटण दाबायचं; आधी दाबलं तर पेस्ट आरशावर. पेस्टच्या ट्यूबला रबरबँड लावून ठेवा. दुखण्याच्या मलमाची ट्यूब हाताला हुबेहूब तशीच लागते.

नंतर जिभेचं टोक फिरवून बघा. गुळगुळीत लागलं तर साफ, खरखरीत लागलं तर परत ब्रश. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडची बाजू हमखास तपासा. लाळ तिथं उतरते आणि कीटण तिथंच बसतं. ब्रशनेही न जाणारा कडक थर दातांच्या डॉक्टरकडूनच काढून घ्यावा लागतो. थुंकताना खारट-लोखंडी चव आली तर हिरडीतून रक्त येतंय.

मटणाचे धागे मात्र हा ब्रश काढत नाही. तांबडा-पांढरा रस्सा ओरपणाऱ्या गावात ही मोठीच उणीव म्हणायची! त्यासाठी दातांच्या फटीत घालायचा, मधे तार असलेला बारीक ब्रश वेगळा घ्या. बोटाने फट चाचपून टोक टेकवायचं. जोर लावावा लागला तर माप मोठं आहे. दातकोरणं नको, न दिसता ते हिरडीत घुसतं.

डोकं 3 महिन्यांनी बदला. घरातल्यांची डोकी वेगळी ओळखायला कंपनी रंगीत कडी देते. त्याऐवजी आपल्या ब्रशच्या डोक्याच्या बुडाला दोरा गुंडाळा. चार्जरला खुंटी असलेलं मॉडेल निवडा, ब्रश चाचपून बसवता येतो. चार्जर बेसिनपासून लांब, कोरड्या जागी ठेवा. आणि खोका उघडून ब्रश हातात न देणाऱ्या दुकानातून घेऊ नका.