लढाऊ मॉडेल युद्धनौका: फायबरग्लासचा हल की प्लायवूडचा?

या छंदात रिमोटवर चालणारी मॉडेल जहाजं तळ्यात एकमेकांवर छोट्या गोळ्या झाडतात. १:१४४ प्रमाणात बिस्मार्क ही जर्मन युद्धनौका सुमारे १७४ सेंमी लांब होते. पहिलंच जहाज असेल, तर फायबरग्लासचा तयार हल (जहाजाचं बाहेरचं अंग) घ्या. त्याचा आकार अचूक असतो आणि तळ गळत नाही. खरं काम खिडक्या कापण्याचं, म्हणजे गोळ्या आत शिराव्यात म्हणून हलच्या बाजूंना मोकळ्या जागा करण्याचं; मधे उरलेल्या पट्ट्या म्हणजे फासळ्या. पेन्सिलीने फासळ्या आखा, आधी डेकची लाकडी कड एपॉक्सीने चिकटवा, मगच कटर चालवा. हा क्रम चुकला की मधला भाग बाहेर फुगतो आणि डेक बसत नाही. कापताना मास्क हवाच, ती धूळ फुप्फुसांना घातक असते.

प्लायवूडमध्ये कणा आणि फासळ्या नकाशावरून स्वतः कापायच्या. वेळ बराच जातो, पण तयार साचा नसलेलं जहाजही बनवता येतं. एक फासळी तिरकी बसली तरी हलचा आकार बिघडतो. कापलेल्या कडांना एपॉक्सी नीट मुरवा, नाहीतर पाणी शिरून थर सुटतात.

फासळ्यांवर चिकटवायची बाल्साची कातडी, म्हणजे हलक्या, मऊ लाकडाचा पातळ थर, दोन्हींवर सारखीच. ४.५ मिमीच्या पोलादी गोळ्यांनी ती फुटायलाच हवी, म्हणून तिच्यावर रंगाचे जाड थर नकोत. प्लायवूडची तुटलेली फासळी मात्र तळ्याकाठीही सुपरग्लूने सांधता येते.