पाणंद की घाट? साताऱ्यात एकच गाडी घ्यायची असेल तर

मावसभावाला गाडी घ्यायचीय. नोकरी साताऱ्याच्या एमआयडीसीत, घर शाहूपुरीत, शेत मेढ्याच्या बाजूला. दर शनिवारी शेतावर फेरी. घरात चार माणसं: तो, त्याची बायको, आठ वर्षांचा मुलगा आणि गुडघे धरलेली मावशी. त्यानं मला एवढंच विचारलं, "दादा, थार घेऊ का?" हा प्रश्न मी रविवारी सकाळी यवतेश्वरच्या टपरीवर आमच्या टोळक्यात काढला, ही माझी चूक.

आमच्यात दोन पक्ष आहेत. एकाकडे महिंद्राची तीन दारांची थार, चारही चाकांना जोर देणारी म्हणजे फोर बाय फोर. दुसऱ्याकडे फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी, डांबरावर पळणारी सेडान. थारवाला म्हणाला, "रस्ता संपला की ह्याची गाडी संपते." व्हर्टसवाला म्हणाला, "आणि वळण आलं की ह्याची." चहा निवून गेला तरी गाडं त्याच्या पुढे सरकेना. तेव्हा घरी येऊन हे शांतपणे लिहितोय, भावासाठी आणि त्याच्यासारखं अडकलेल्या इतरांसाठी.

गंमत बघा, थारचं पेट्रोल इंजिन १५० बीएचपीचं आणि व्हर्टसचं १.५ लिटरचं टर्बो पेट्रोल (टीएसआय) इंजिनही जवळपास तेवढ्याच ताकदीचं. म्हणजे भांडण ताकदीचं नाहीच. एक गाडी ती ताकद चिखलात हळूहळू खर्च करते, दुसरी वळणातून बाहेर पडताना एकदम.

पाणंदीवर

गेल्या जुलैत भावाच्या शेताकडच्या ओढ्याच्या चढावर थारवाल्याच्या शेजारी बसलो होतो. तांबडा चिखल, मधे ट्रॅक्टरनं पाडलेल्या खोल चाकोऱ्या. निम्म्यात गेल्यावर मागचं डावं चाक अधांतरी झालं आणि गरगर फिरायला लागलं. डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणाऱ्या साध्या डिफरन्शियलचा हाच तोटा: जे चाक मोकळं, सगळा जोर तिकडेच पळतो. मग खालून 'कट्' असा आवाज आला, मागची दोन्ही चाकं एकत्र बांधणारं लॉक बसलं, आणि गाडी म्हशीसारखी सावकाश वर निघाली. मित्रानं तोपर्यंत छोटा दांडा फोर-लो मध्ये, म्हणजे चारही चाकांच्या हळू गिअरमध्ये टाकलेला होता. त्यात गाडीचा वेग साधारण अडीच पटीनं उतरतो आणि चाकांवरचा जोर तेवढाच चढतो. ॲक्सिलरेटरला जेमतेम पाय लावायचा. ताशी पाच किलोमीटरला छाती धडधडते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा अनुभवलं. ऑफरोडवाले उगीच वेडे होत नाहीत.

थारचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटाची उंची, २२६ मिलिमीटर, आणि ६५० मिलिमीटर पाण्यातून ती जाऊ शकते. मारुतीची छोटी फोर बाय फोर म्हणजे जिमनी. तिचा क्लिअरन्स २१०, इंजिन १.५ पेट्रोल, साधारण १०५ पीएस (बीएचपीसारखंच ताकदीचं माप). कागदावर जिमनी मागे वाटते. पण पाणंदीत मला तीच जास्त पटते, कारण ती बाराशे किलोच्या आसपासची आणि १,६४५ मिलिमीटर रुंद आहे. दोन्ही बाजूंनी ऊस किंवा निवडुंगाचं कुंपण असलं की थारचे आरसे मिटून घ्यावे लागतात, जिमनी निघून जाते. शिवाय हलकी गाडी रुतते कमी, आणि रुतलीच तर चौघंजण ढकलू शकतात. थार ढकलून बघितली आहे, कंबर अजून आठवण करून देते.

एक गोष्ट शोरूममध्ये कोणी सांगत नाही: फोर बाय फोर चिखलात चालते ती टायरच्या जिवावर. मेढ्याकडचा मुरूम पाणी पिऊन टाकतो, तिथे कंपनीचे टायर पुरतात. कोरेगाव-कराडकडच्या काळ्या रानात मात्र चिखल टायरच्या खाचांत भरतो, टायर गुळगुळीत होतो आणि मग चारही चाकं मिळून एकाच जागी फिरतात. तिकडचा शेतकरी पावसात ट्रॅक्टरच काढतो, तो शहाणा आहे.

आणि हो, सडा, म्हणजे पठारावरचा उघडा कातळ, ही पाणंद नव्हे. कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे, कोयनेकडे सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. तिच्यावरून चाक फिरवून फोटो काढणाऱ्याला मी मित्र म्हणत नाही, त्याची गाडी कितीही भारी असू दे. फोर बाय फोर घेण्याआधी स्वतःला विचारा, आपल्या हक्काची कच्ची वाट नेमकी किती? भावाची दीड किलोमीटर आहे. आमच्या थारवाल्याची शून्य. तो दुसऱ्यांच्या शेतात जातो, बहुतेक वेळा आमच्याच.

घाटात

साताऱ्याच्या माणसाला गाडी चालवायची मजा हवी असेल तर त्याच्याइतका नशीबवान कोण! यवतेश्वर दारात, पसरणी तासाभरावर, केळघर मेढ्यावरून, आणि दिवस मोकळा असला तर महाबळेश्वर ओलांडून आंबेनळी.

पहाटे सहाला यवतेश्वर चढताना व्हर्टस काय करते ते शेजारी बसूनच कळतं. स्टीअरिंगला हात लावला की नाक लगेच वळतं, अंग कलत नाही, आणि वळण सुटताना २५० न्यूटन मीटरचा जोर पाठीला टेकतो. तेच वळण थारनं घेतलं की आधी गाडी वळते, मग तिचं अंग वळतं, मग आपलं पोट. उंच बांधा आणि शिडीसारख्या चौकटीवर ठेवलेली बॉडी, दुसरं काय होणार? जिमनीचं स्टीअरिंग तर आणखी निवांत आहे. खडकाचा धक्का हाताला बसू नये म्हणून ते तसंच ठेवलेलं असतं, घाटात मात्र सारखं दुरुस्त करत बसावं लागतं.

नवीन फोर बाय फोरवाले एक चूक हमखास करतात. "घाट आहे ना" म्हणून कोरड्या डांबरावर फोर-एच (चारही चाकांना जोर, नेहमीच्या वेगाचा) लावतात. वळणात पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, आणि गाडी त्यांना एकाच वेगानं फिरवायला बघते. गाडी आखडते, टायर घासतात, आतले दाते उगाच झिजतात. कोरड्या घाटात टू-एच, म्हणजे दोनच चाकांना जोर, बस. आणि दरड कोसळली तर फोर बाय फोरलाही सगळ्यांसारखंच मागे फिरावं लागतं. २०२१ च्या जुलैत आंबेनळी बंद झाला तेव्हा ते सगळ्यांनी पाहिलं.

आता व्हर्टसवाल्या मित्राला न आवडणारं बोलतो. आपल्या घाटांत दीडशेची ताकद वापरायला जागाच नाही. वळणामागे म्हशी, पर्यटकांच्या बस, खड्डा, आणि कासच्या हंगामात तर वीसच्या वर काटा जात नाही. ताशी चाळीस-पन्नासला जी गाडी मजा देते ती इथे खरी. म्हणून माझं मत मारुतीच्या स्विफ्टकडे जातं. १.२ लिटर, ८२ पीएस, वजन हजार किलोच्या आत. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन पूर्ण ताणलेलं असतं, हातपाय कामात असतात, आणि तरी वेग आवाक्यात राहतो. व्हर्टसमध्ये तेवढंच कामात राहायचं म्हटलं तर लायसन्स धोक्यात येतं. फोक्सवॅगनची छोटी पोलो २०२२ मध्ये बंद झाली म्हणून रडणारे बरेच आहेत, मीही त्यातलाच. जुनी, नीट सांभाळलेली मिळाली तर अजूनही बघावी.

स्विफ्टचं दुखणं क्लिअरन्स. १६३ मिलिमीटर, म्हणजे साडेसहा इंचसुद्धा नाही, तोही रिकाम्या गाडीचा. व्हर्टसचा १७९, पण गाडी लांब असल्यानं गावातल्या हौशी स्पीडब्रेकरवर पोट घासायची भीती तिलाही आहेच. माझ्या आधीच्या हॅचबॅकचं एक रिम असंच रात्रीच्या पावसात, पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात वाकलं. टायरचा काठ बोटभर फाटला होता. स्टेपनी लावेपर्यंत चड्डीपर्यंत भिजलो.

मागची सीट

टपरीवर हा विषय कोणी काढत नाही, कारण तिथे सगळे एकटेच येतात. तीन दारांच्या थारमध्ये मागे बसायचं म्हणजे पुढची सीट वाकवून, पाय उचलून, अंग चोरून आत शिरायचं. मावशीचे गुडघे ते करणार नाहीत. जिमनीला मागे दारं आहेत, पण ती चारच माणसांची गाडी, आणि मागची सीट उघडी असताना सामानाला २०८ लिटर जागा. भाजीची दोन क्रेट ठेवली की संपली. पाच जण आणि फोर बाय फोर दोन्ही हवं तर पाच दारांची थार रॉक्स बघावी लागेल, तिथे पैसे आणि पार्किंग दोन्ही वाढतात. व्हर्टसला ५२१ लिटरची डिकी आहे आणि ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे. तीन दारांच्या थारला तिथे चार मिळालेले आहेत.

पैशाचं थोडक्यात. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के जीएसटी आहे. स्विफ्ट त्यात बसते. जिमनी लांबीनं बसते, पण इंजिनामुळे ४० टक्क्यांत जाते, व्हर्टसही तिथेच. महाराष्ट्रात डिझेलला रोड टॅक्सही पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त. थारचा एक टायर बदलायचा खर्च विचारून बघा, मग बाकीचं बोलू.

भावाला काय सांगितलं

थार नको, हे पहिल्या दिवशीच सांगितलं. फोटोसाठी घेत असशील तर घे, मावशीला मात्र बसनं पाठव. तो हसला, पण नाव सोडलं. उरल्या जिमनी आणि स्विफ्ट. मी म्हटलं, वाद नको, टेप घेऊन शेतावर चल.

दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा आम्ही चार ठिकाणी मोजला. सगळ्यात वाईट जागी दहा इंच भरला. म्हणजे २२६ मिलिमीटरची थारसुद्धा तिथे पोटावर बसली असती. गेल्या जुलैत मित्रानं चाकं कडेवर चढवून ती वाचवली होती, हे आत्ता लक्षात आलं. भाऊ टेप गुंडाळत म्हणाला, "दादा, मग आधी रस्ताच बघायला पाहिजे."

गेल्या आठवड्यात तीन ट्रॉल्या मुरूम पडला. उंचवटा आता पाच इंचांवर आलाय. ओढ्याचा चढ मात्र तसाच आहे, आणि खरा पाऊस अजून व्हायचाय. येत्या शनिवारी तो जिमनीची टेस्ट ड्राइव्ह त्या चढावर घेणार आहे, मागे मावशीला बसवून. ती काय म्हणते त्यावर बरंच ठरेल. स्विफ्टची चक्कर रविवारी यवतेश्वरला ठेवलीय. ती मी चालवणार, असं त्याला आधीच सांगून ठेवलंय.